आई-बाबा, पासपोर्टाचं आधी बघा

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

समोरच्या काकूंबरोबर तुम्ही ‘नॉट विदाउट माय डॉटर’ पाहिलात आणि तेव्हापासून काकूंच्या घशाखाली घास उतरत नाही, असं बाबा म्हणाले. त्यांची लेक न्यू जर्सीत, जावई एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, ती त्याच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या एच-फोरवर, नात तिकडेच जन्मलेली. जावई लेकीला मारतो, आणि तिचा फोन तो घरात नसतानाच येतो. हे सगळं फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून सविस्तर लिहिते. पत्र काकूंना वाचून दाखवा, पण त्याचा फोटो कुठल्याही ग्रुपवर जाऊ देऊ नका. सोसायटीच्या ग्रुपवरची गोष्ट संध्याकाळपर्यंत जावयाच्या घरी पोचते.

आधी सिनेमाबद्दल. तो १९९१चा, पण घटना खरी आहे. मिशिगनमधली बेटी महमूदी ऑगस्ट १९८४मध्ये नवरा आणि चार वर्षांची मुलगी यांच्यासोबत दोन आठवड्यांसाठी तेहरानला गेली. परतायची वेळ आली तेव्हा नवऱ्याने सांगितलं, आता इथेच राहायचं. ती सुटली १९८६च्या सुरुवातीला, डोंगर ओलांडून तुर्कस्तानात. आई, तुला त्यातली मारहाण आणि बर्फ आठवत असेल. मला त्यातला वकिलातीचा प्रसंग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेची तेहरानमधली वकिलात बंद होती, तिचं काम स्विस वकिलात पाहायची. तिथे बेटीला कळतं की इराणी माणसाशी लग्न केल्यामुळे तिथल्या कायद्याने ती इराणी नागरिक आहे, आणि नवऱ्याच्या परवानगीशिवाय तिला देश सोडता येणार नाही. दाराला कुलूप नसतं तरी ती अडकलेलीच होती. सिनेमाने इराणी माणसं सरसकट वाईट रंगवली आहेत, ते मला पटत नाही. तिला बाहेर काढायला मदत करणारेही तिथलेच लोक होते.

अमेरिकेत असा कायदा नाही. काकूंची लेक उद्या सकाळी विमानात बसली तर तिला कोणी अडवणार नाही. अडचण आहे ती नातीची, व्हिसाची आणि कागदांची.

नात अमेरिकन नागरिक. सोळा वर्षांखालच्या मुलाच्या अमेरिकन पासपोर्टला आई आणि वडील दोघांची संमती लागते. भारतात यायला तिला व्हिसा किंवा ओसीआय, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं कार्ड, हवं, आणि मुलाच्या ओसीआयच्या अर्जावरही दोघांच्या सह्या लागतात. कागद हाताशी असले तरी बापाच्या संमतीशिवाय किंवा कोर्टाच्या आदेशाशिवाय नातीला घेऊन निघू नये. १९९३च्या अमेरिकन कायद्याने तो गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आहे. छळातून पळालेल्या आईला त्यात बचाव आहे खरा, पण तो खटला उभा राहिल्यावर मांडायचा असतो. मुलांना परत पाठवण्याबद्दलच्या १९८०च्या हेग करारावर भारताने सही केलेली नाही, त्यामुळे ‘एकदा नागपूरला आणलं की झालं’ असं लोक सांगतात. तसं होत नाही. आपलं सर्वोच्च न्यायालय मुलाचं हित सर्वांत वर ठेवतं, २०१७च्या नित्या आनंद राघवन खटल्यातही तेच म्हटलं आहे, पण प्रत्येक प्रकरण वेगळं तपासलं जातं आणि तिकडे वॉरंट निघालं तर आईला परत तिथे पाऊल ठेवणं अवघड होतं. म्हणून क्रम असा: आधी तिथल्या कोर्टातून संरक्षण आदेश, त्याच अर्जात नातीचा तात्पुरता ताबा मागायचा, आणि मग प्रवासाची परवानगी. संरक्षण आदेशाच्या अर्जाला फी नसते, आणि तातडीचा आदेश नवऱ्याला न बोलावताही निघतो.

आता व्हिसा. जावई नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला असता तर तिला नवऱ्याला न कळवता ग्रीन कार्डासाठी स्वतःचा अर्ज करता आला असता. फॉर्म आय-३६०, फी नाही, घटस्फोट झाला असेल तर दोन वर्षांच्या आत. जावई एच-वन-बीवर असल्याने ती वाट बंद. पण छळ होत असलेल्या एच-फोर बायकोला काम करण्याचा परवाना मागता येतो, त्याचा फॉर्म आय-७६५व्ही. शिवाय पोलिसात तक्रार करून तपासाला मदत केली असेल तर यू व्हिसा, म्हणजे गुन्ह्याला बळी पडलेल्यांसाठीचा व्हिसा, आहे. त्यासाठी पोलीस किंवा सरकारी वकील एका प्रमाणपत्रावर सही करतात आणि त्या सहीनंतर सहा महिन्यांत अर्ज पोचावा लागतो. इथेच पुष्कळ बायका चुकतात. प्रमाणपत्र हातात येतं, वकील शोधण्यात वेळ जातो आणि सही शिळी होते. वर्षाला १०,००० यू व्हिसांची मर्यादा असल्याने रांग काही वर्षांची आहे, पण रांगेत नाव असणं हाच आधार. घटस्फोट झाला की एच-फोर संपतो, म्हणून इमिग्रेशनच्या वकिलाला दाखवल्याशिवाय तिने कुठल्याही कागदावर सही करू नये.

पैशांअभावी वकील मिळत नाही असं नाही. न्यू जर्सीत मानवी ही संस्था १९८५पासून दक्षिण आशियाई बायकांसाठी काम करते. न्यूयॉर्कला सखी, शिकागोला अपना घर, ह्यूस्टनला दया. घरातल्या छळासाठीची देशभराची हेल्पलाइन १-८००-७९९-७२३३. ९११ या तिकडच्या तातडीच्या नंबरवर इंग्रजी सुचलं नाही तर ‘हिंदी’ एवढा शब्द पुरे, दुभाषी लाइनवर येतो. लंडनला असलेल्या मुलींसाठी हेही लक्षात ठेवा: मोबाइलवरून ९९९ लावून बोलता येत नसेल तर ५५ दाबायचं, म्हणजे फोन पोलिसांकडे जातो.

काकूंनी सांगितलं की जावई दिवाळीला सगळ्यांना घेऊन नागपूरला येणार आहे. बाबा, माझा जीव इथे सगळ्यात जास्त घाबरतो. सिनेमातला दोन आठवड्यांचा मुक्काम आपल्या मुलींच्या वाट्याला उलटा येतो: नवरा तिला माहेरी सोडतो, ‘राहा थोडे दिवस’ म्हणतो, आणि तिचा आणि लेकराचा पासपोर्ट खिशात घालून परत जातो. मग तिकडच्या कोर्टातून घटस्फोटाचे कागद ईमेलने येतात. पासपोर्ट इथे नवीन निघेल. १९६७च्या कायद्याप्रमाणे तो भारत सरकारच्या मालकीचा असतो, नवऱ्याचा त्याच्यावर हक्क नाही. पण त्यातला एच-फोरचा शिक्का नवऱ्याच्या व्हिसावर टांगलेला, तो परत मिळवणं फार कठीण. म्हणून निर्णय विमानात बसण्याआधी व्हायला हवा. आणि आलीच, तर उतरल्या दिवशी दोन्ही पासपोर्ट काकूंच्या कपाटात जातील, जावयाच्या बॅगेत नाही.

तिकडचे कागद आले तर गप्प बसू नये आणि सहीही करू नये. १९९१मध्येच सर्वोच्च न्यायालयाने वाय. नरसिंह राव खटल्यात सांगितलं की ज्या कारणाला हिंदू विवाह कायद्यात जागा नाही आणि ज्या कोर्टाचा अधिकार बायकोने मान्य केलेला नाही, तो परदेशी घटस्फोट इथे चालत नाही. तेव्हा वकिलामार्फत अधिकाराबद्दलच हरकत नोंदवायची. वकिलाविना तिकडे हजर झाली तर हा मुद्दाच हातचा जातो.

नागपुरात करायचं ते असं. सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे. बाईला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. पोलिसांच्या भरोसा सेलमध्ये समुपदेशन होतं, पण तिथे गेल्यावर ‘आम्हाला समेट नको, तक्रार नोंदवायची आहे’ हे पहिल्या वाक्यात सांगा, नाहीतर तारखा पडत राहतात. गुन्हा परदेशात घडला म्हणून ठाण्यातून परत पाठवतील. तेव्हा सांगायचं की २०१९च्या रूपाली देवी निकालाप्रमाणे माहेरी आसरा घेतलेल्या बाईला माहेरच्या गावी तक्रार करता येते. परदेशातल्या कृत्यासाठी केंद्र सरकारची मंजुरी लागते ती खटला चालवताना. तक्रार घ्यायला लागत नाही. १ जुलै २०२४नंतरच्या छळाला भारतीय न्याय संहितेचं कलम ८५, त्याआधीच्या छळाला जुनं ४९८अ. परराष्ट्र मंत्रालयाचं मदद पोर्टल आहे, त्यावर काकूही तक्रार टाकू शकतात, आणि राष्ट्रीय महिला आयोगात अनिवासी भारतीयांचा वेगळा कक्ष आहे. न्यूयॉर्कच्या भारतीय वकिलातीकडे अडलेल्या बायकांसाठी निधीही असतो. तो मागितल्याशिवाय मिळत नाही.

आता काकूंनी आजच करायचं काम. लेकीचा पासपोर्ट, व्हिसा, आय-९४ (अमेरिकेत शिरल्याची नोंद), आय-७९७ (व्हिसाच्या अर्जाची सरकारी नोटीस), लग्नाचं प्रमाणपत्र, नातीचा जन्मदाखला, जावयाचा पगाराचा कागद, सोन्याचे फोटो आणि पावत्या, सगळ्याच्या प्रती काकूंच्या स्वतःच्या ईमेलमध्ये हव्यात. लेकीच्या फोनवर ठेवू नयेत. अ‍ॅपल आयडी नवऱ्याचा असेल तर फोटो आणि तिचं ठिकाण दोन्ही त्याला दिसतं. मार बसला की जखमेचा एक फोटो जवळून, एक चेहऱ्यासकट. डॉक्टरला ‘पडले’ सांगू नये, कारण केसपेपरवर तेच उतरतं. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या धमक्या पुसू नयेत. स्क्रीनशॉटपेक्षा मूळ फोन कोर्टात जास्त टिकतो, आणि इथे सादर करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या, म्हणजे पुराव्याच्या कायद्याच्या, कलम ६३चं प्रमाणपत्र जोडावं लागतं.

फोनची एक वेळ आणि एक साधं वाक्य ठरवून घ्या. आपल्याकडे रात्री साडेआठ म्हणजे सध्या तिकडे सकाळचे अकरा, जावई कामावर. ‘साबुदाणा भिजवलास का?’ असं लेकीने विचारलं की त्याचा अर्थ पोलिसांना बोलवा. तिचा पूर्ण पत्ता आणि तिथल्या पोलीस ठाण्याचा थेट नंबर काकूंच्या फ्रिजच्या दारावर लिहून ठेवा, कारण नागपुरातून ९११ लागत नाही.

काकूंना जावयाशी किंवा विहिणीशी बोलू देऊ नका. बाई घर सोडायला निघाली आहे असा वास लागला की मार वाढतो, सगळ्यात जास्त धोका त्याच दिवसांत असतो. आणि आई, ‘लेकराकडे बघून सहन कर’ असं तिला कोणी म्हणू नये, तूही नाही. ती एवढ्या लांबून आईला फोन करते तेव्हा तिला फक्त ऐकायचं असतं की घरी तिची खोली आहे.

विधी सेवा प्राधिकरणात काकूंबरोबर बाबा, तुम्ही जा. सोबत लग्नपत्रिका, लग्नाचे दोन फोटो आणि लेकीने सही करून पाठवलेलं अधिकारपत्र न्या. तिच्या सहीशिवाय काकूंचा अर्ज पुढे सरकणार नाही. अधिकारपत्र न्यूयॉर्कच्या वकिलातीतून साक्षांकित करून घ्यायला तिला वेळ लागेल, म्हणून त्याचं आजच रात्री साडेआठला बोला.

तुमची लेक