ऊसतोड कामगारांना टपाली मतदान द्यावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

निवडणुकीनंतर मतदान कमी का झाले, याच्या चर्चेत मतदारांच्या उदासीनतेवर भरपूर लिहिले जाते. पण त्या दिवशी जे उसाच्या फडात असतात, त्यांचा वेगळा विचार होत नाही. २०२४ च्या विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला झाले आणि गाळप हंगामही साधारण त्याच सुमारास सुरू होतो. बीड जिल्ह्यातल्या कित्येक वाड्यावस्त्यांवर तेव्हा दाराला कुलूप आणि ओट्यावर म्हातारी माणसे, एवढेच उरलेले असते. गाव सोडणे हा आपण निव्वळ नाइलाज मानतो. ते गावच्या कारभारावरचे मतही असू शकते, हे आपल्या ध्यानात येत नाही.

महाराष्ट्राने हे पूर्वी पाहिले आहे. १८७४ च्या वतन (गावकामाची वंशपरंपरागत जबाबदारी आणि तिचा मोबदला) कायद्याखाली महार वतनदाराचे सगळे घर, तुटपुंज्या जमिनीच्या आणि बलुत्याच्या बदल्यात, सरकारी निरोप पोचवण्यापासून मेलेली जनावरे ओढण्यापर्यंत वेळीअवेळी राबवले जाई. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. वतने रद्द व्हायला मात्र १९५८ चा कायदा यावा लागला. कायद्याची वाट न पाहता असंख्य कुटुंबे मुंबईच्या गोदीत, रेल्वेत आणि गिरण्यांत आली. तिथेही शिवाशिव होतीच: धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो म्हणून विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत. तरीही एका गिरणीतल्या जॉबरशी, म्हणजे कामगार भरती करणाऱ्या मुकादमाशी, बिनसले तर दुसऱ्या गिरणीच्या दारात उभे राहता येई. पाटलाशी बिनसले तर वतन घेऊन दुसऱ्या गावी जाता येत नव्हते. १९४२ च्या नागपूर परिषदेत दलितांसाठी स्वतंत्र वसाहतींची मागणी झाली, तीही याच अनुभवातून. संविधानाच्या १९व्या अनुच्छेदातील देशभर संचार करण्याचे आणि कुठेही स्थायिक होण्याचे स्वातंत्र्य या पार्श्वभूमीवर वाचले, की त्याचे मोल कळते.

आज ऊसतोड कामगाराला हे स्वातंत्र्य कितपत आहे? नवराबायकोचा मिळून एक कोयता धरला जातो, टोळी जमवणारा मुकादम हंगामाआधी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो, आणि ती फिटेपर्यंत टोळी सोडता येत नाही. फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर जाते. वेठबिगारी निर्मूलनाच्या १९७६ च्या कायद्याने वेठबिगारीची जी लक्षणे सांगितली आहेत, त्यांत आगाऊ रकमेपोटी देशात कुठेही जाण्याचा हक्क गमावणे हेही एक आहे. प्रत्येक उचल म्हणजे वेठबिगारी असे माझे म्हणणे नाही. लग्नाला, दवाखान्याला तिचाच आधार असतो, हे आमच्या भागात कोणीही सांगेल. पण जो आपल्या मर्जीने परतू शकत नाही, त्याचे जाणे मर्जीचे होते असे म्हणणे धाडसाचे आहे.

त्यात मतही हातचे जाते. काही महिन्यांसाठी बाहेर गेल्याने गावच्या मतदार यादीतले नाव कायद्याने जात नाही, हे योग्यच. पण मत द्यायला मात्र त्याच केंद्रावर यावे लागते, आणि एका दिवसासाठी टोळी सोडायची तर रोज बुडतो, शिवाय मुकादमाची परवानगी लागते ती वेगळीच. निवडणूक आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये दूरस्थ मतदान यंत्राची कल्पना मांडली, तिला अनेक पक्षांनी आक्षेप घेतले. त्या यंत्राची वाट पाहण्याची मुळात गरज नाही. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ६० नुसार आयोग सरकारशी विचारविनिमय करून एखाद्या वर्गाला टपाली मतदानासाठी अधिसूचित करू शकतो. ८५ वर्षांवरील मतदारांना घरून मत देता येते, मग हंगामी स्थलांतरित कामगारांचा असा वर्ग का करू नये? गावागावातून निघण्यापूर्वीच त्यांचे अर्ज भरून घेता येतील. मतदान मात्र कारखान्याच्या तळावर निवडणूक कर्मचाऱ्यांच्या देखरेखीखाली, बंद कक्षातच व्हावे. मतपत्रिका टोळीकडे टपालाने पाठवली, तर ती आधी मुकादमाच्या हाती पडेल.

आपला,
एक वाचक, केज (जि. बीड)