बाबांच्या फाईलमधले आकडे

पुणे, ७ डिसेंबर

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

आईने परवा रात्री रिपोर्टचा फोटो पाठवला. खाली एवढंच लिहिलं होतं, ‘परत पॉझिटिव्ह आलंय. हे जेवले नाहीत.’ मी लगेच फोन केला, तर बाबा, तुम्ही तो न बोलता आईच्या हातात दिलात. म्हणून लिहायला बसले. हे पत्र दोघांनी एकत्र बसून वाचा.

आधी मुख्य गोष्ट. बाबा, तुमचा सिफिलिस, म्हणजे गरमी हा मुख्यतः शरीरसंबंधातून लागणारा आजार, उलटलेला नाही. औषध लागू पडलंय, आणि त्याचा पुरावा तुमच्याच फाईलमध्ये आहे. काल तुमच्या डॉक्टरांशीही फोनवर बोलले, त्यांचंही हेच म्हणणं आहे.

गेल्या वर्षी मामाच्या ऑपरेशनसाठी तुम्ही रक्त द्यायला गेलात आणि रक्तपेढीने बाजूला बोलावून सांगितलं, तिथून हे सुरू झालं. रक्तपेढीत प्रत्येक बाटलीची सिफिलिसची तपासणी करावीच लागते, म्हणून निदान ते कळलं तरी. नंतर नोव्हेंबरात दर आठवड्याला एक अशी पेनिसिलिनची ३ इंजेक्शनं झाली, प्रत्येक २४ लाख युनिटचं. आठवतंय ना, बसताना किती त्रास व्हायचा.

आता आकडे बघा. इंजेक्शनाआधी व्हीडीआरएल, म्हणजे सिफिलिसची रक्ततपासणी, १:३२ होतं. मे महिन्यात १:१६. या नोव्हेंबरात १:८. प्रेसमध्ये नोटांवरचा एकेक आकडा डोळ्यांत तेल घालून तपासण्यात तुमचं आयुष्य गेलं, पण हे आकडे कसे वाचायचे ते तुम्हाला कुणी सांगितलंच नाही. मी रोज लॅबमध्ये हेच काम करते आणि घरी मात्र कधी बोलले नाही, याचं मला फार वाईट वाटतंय.

आई, तू ताकाचं उदाहरण घे. वाटीभर आंबट ताकात वाटीभर पाणी घातलं. त्यातलं वाटीभर घेऊन पुन्हा तेवढंच पाणी. असं करत जायचं आणि कितव्या वेळेपर्यंत आंबटपणा लागतो ते बघायचं. बाबांचं रक्त आधी पाचव्या वेळेपर्यंत ‘आंबट’ लागत होतं, ते १:३२. आता तिसऱ्या वेळेनंतर लागत नाही, ते १:८. म्हणजे दोन पायऱ्या उतरलो, चौपटीने घट झाली. उपचार लागू पडला असं म्हणायला डॉक्टर हीच चौपट घट बघतात. तुमच्यासारख्या जुन्या आजारात ती यायला २ वर्षंही लागू शकतात. तुमची एका वर्षात आली.

मग परवाच्या रिपोर्टमध्ये १:१६ कसं? कारण बाबा, तुम्ही कुणाला न सांगता नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या दुसऱ्या लॅबमध्ये गेलात आणि तिथे व्हीडीआरएल नाही, आरपीआर झालं. दोन्ही भावंडांसारख्या आहेत, पण तपासण्या वेगळ्या. आरपीआरचा आकडा बऱ्याचदा व्हीडीआरएलपेक्षा थोडा वरच येतो. एकाचा आकडा दुसऱ्याशी लावायचाच नसतो. शिवाय हे माणसाने डोळ्यांनी वाचायचं काम आहे. कार्डावरच्या गोलात सिरमचा, म्हणजे रक्तातल्या पिवळसर पाण्याचा, थेंब टाकायचा, त्यात कोळशाचे बारीक कण असलेलं रसायन घालायचं, ८ मिनिटं कार्ड फिरवायचं आणि काळ्या गुठळ्या दिसतात का ते उजेडात बघायचं. त्याच माणसाचं तेच रक्त दुसऱ्या दिवशी लावलं तरी एखादी पायरी इकडेतिकडे होते. एका पायरीचा फरक आम्ही फरक धरतच नाही.

आणि तो ठळक अक्षरातला शब्द, टीपीएचए पॉझिटिव्ह. तुम्हाला झोप लागली नाही ती या शब्दामुळे, हे मला माहीत आहे. तुमच्या दंडावर देवीच्या लशीचे वण आहेत ना? लस लहानपणी दिली, वण अजून तिथेच आहेत. टीपीएचए तसंच आहे. शरीराची त्या जंतूशी कधीतरी गाठ पडली होती, एवढंच ते सांगतं. जंतू गेला तरी बहुतेकांचं ते जन्मभर पॉझिटिव्हच राहतं. उपचार लागू पडला की नाही हे बघायला ती तपासणी करतच नाहीत. (वणाचं उदाहरण एका बाबतीत मात्र चालत नाही. लस पुढच्या आजारापासून वाचवते, हे पॉझिटिव्ह असणं वाचवत नाही. हा आजार पुन्हा होऊ शकतो.)

काळजी कधी करायची तेही सांगते, म्हणजे उगाच जीव टांगणीला लागणार नाही. त्याच लॅबमध्ये, त्याच तपासणीत आकडा चौपट वाढला, म्हणजे १:८ चा १:३२ झाला, आणि दोन-तीन आठवड्यांनी परत बघितल्यावरही तसाच राहिला, तर डॉक्टरांना विचार करावा लागेल. आणि नजर अंधुक होणं, अचानक कमी ऐकू येणं, तोल जाणं, न थांबणारी डोकेदुखी यातलं काही झालं तर आकड्याची वाट बघायची नाही, त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. कदाचित आकडा पुढे १:४ किंवा १:२ वर येऊन तिथेच थांबेल. पुष्कळ लोकांचा थांबतो. तेव्हा पुन्हा घाबरून लॅब शोधू नका.

आई, आता तुझ्याशी.

तुझं रक्त दोन्ही वेळा नॉन-रिॲक्टिव्ह आलं, हे मी स्वतः बघितलंय. तुला काही झालेलं नाही. बाबांना हे कधी झालं, कसं झालं, ते मी विचारणार नाही. तो तुम्हा दोघांमधला विषय आहे. हा आजार वर्षानुवर्षं अंगात मुका बसून राहतो आणि तो केव्हा लागला हे रक्त बघून कुणालाच सांगता येत नाही. म्हणून तर डॉक्टरांनी एका ऐवजी ३ इंजेक्शनं दिली. तुझ्या मनात जुन्या गोष्टीचा राग असेल तर तो तुझा हक्क आहे, मी त्यावर पाणी घालणार नाही. पण या नव्या कागदावरून बाबांनी नव्याने काही केलं असा अर्थ निघत नाही. तू फोनवर तसं बोलली नाहीस, पण तुझ्या आवाजावरून मला ते कळलं.

आणि बाबा, तुमचा पेला खिडकीत वेगळा ठेवलेला मी दिवाळीत बघितला. टॉवेलही वेगळा. तेव्हा मी गप्प बसले, आता बसणार नाही. हा आजार ताटावाटीतून, पेल्यातून, कपड्यांतून, संडासातून पसरत नाही. एका लेकीने बापाला लिहावं असं हे नाही, पण लिहायला दुसरं कुणी नाही.

पुढची तपासणी पुढच्या नोव्हेंबरात, पहिल्याच लॅबमध्ये, व्हीडीआरएलच. मी सुट्टी काढून येईन. तिन्ही इंजेक्शनांच्या तारखा, डोस आणि आधीचे आकडे एका कागदावर लिहून फाईलमध्ये सगळ्यात वर लावू. उद्या मोतीबिंदूच्या वेळी कुणी टीपीएचए केलं तर ते पॉझिटिव्हच येणार. तो कागद पुढे करायचा, मान खाली घालायची नाही.

शनिवारी दुपारी नाशिकरोडला बिटकोला उतरते. आई, मी आल्याशिवाय जेवायला बसू नका. खिडकीतला पेला घासून मांडणीत ठेव, मी त्यातूनच पाणी पिणार आहे.

तुमची,
मनू