रात्री तीनच्या थेंबाबद्दल

सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

द्राक्षबागांची ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की निफाड-दिंडोरीकडून डोळ्याला काडी लागलेले पेशंट येऊ लागतात. धावपळ दिसते ती डॉक्टरांची. बुबुळावरची जखम भरते ती रात्रपाळीच्या तक्त्यामुळे. म्हणून हे जाहीर आभार.

तपासणीसाठी जखमेचा नमुना खरवडून होईपर्यंत तुम्ही अँटिबायोटिकचा थेंब पडू देत नाही, फक्त भुलीचा ड्रॉप. आधी औषध पडलं तर लॅबमधल्या कल्चरच्या प्लेटवर काही उगवत नाही, आणि काडीच्या जखमेत जंतू आहेत की बुरशी, हे कळायची सोयच जाते. नमुना गेला की मात्र कल्चरची वाट न बघता औषध सुरू.

तीव्र ड्रॉप मेडिकलमध्ये तयार मिळत नाहीत, ते तुमच्या टेबलावर बनतात. सेफाझोलिन या अँटिबायोटिकच्या 500 मि.ग्रॅ. वायलमध्ये (इंजेक्शनच्या बाटलीत) 2.5 मि.लि. निर्जंतुक पाणी, पूर्ण विरघळलं की 7.5 मि.लि. कृत्रिम अश्रू, झालं 5 टक्के. टोब्रामायसिन या दुसऱ्या अँटिबायोटिकच्या 0.3 टक्केवाल्या 5 मि.लि. बाटलीत 80 मि.ग्रॅ.चं 2 मि.लि. इंजेक्शन, ते साधारण 1.4 टक्के. बाटलीवर तारीख-वेळ, मग फ्रिज. सेफाझोलिन पिवळट किंवा गढूळ दिसलं की तुम्ही विचारत बसत नाही, सरळ टाकता. (घरी करून बघायची ही गोष्ट नव्हे.)

पहिला अर्धा तास दर पाच मिनिटांनी, मग दोन दिवस तासातासाला, रात्रीसुद्धा. डोळ्यात एका थेंबाचीही पुरती जागा नसते, उरलेलं गालावर येतं. म्हणून दोन औषधांत पाच मिनिटं जाऊ द्यायची, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन काढतो. हे सगळ्यांना पाठ असतं, पहाटे तीनला पाळणारे थोडे. डिसेंबरच्या थंडीत फ्रिजमधली बाटली तळहातात धरून मग थेंब टाकायचा, हे तर आमच्या कुठल्याच ऑर्डरमध्ये नसतं.

तुमच्या नजरेचे आभार वेगळे. सिप्रोफ्लॉक्सासिनचा अँटिबायोटिक ड्रॉप वारंवार पडल्यावर जखमेवर त्या औषधाचीच पांढरी पुटं बसतात. नवखा डॉक्टर आजार वाढला समजून घाबरतो. तुम्ही आधी कोणता ड्रॉप चालू आहे ते दाखवता. सकाळी पेशंटला थोडा वेळ बसवून ठेवता, कारण आडवं झोपल्यावर बुबुळाच्या आत साचलेला पू पसरतो आणि कमी वाटतो. पातळी मोजायची ती बसल्यावरच. ‘पट्टी बांधा’ म्हणून नातेवाईक हट्ट धरतात तेव्हा ठाम राहता: पट्टीखाली ऊब, ओल, आणि थेंब टाकायची पंचाईत.

शिवाय भरतीच्या वेळी पिशवीतले जुने ड्रॉप बाहेर काढायला लावता. त्यात स्टेरॉइड हमखास सापडतं. त्यानं लाली उतरते, पेशंट खूश, आणि जखम आत पोखरत जाते. बुरशी असेल तर विचारूच नका.

एक मागणी आहे. तिसऱ्या दिवशी जखम सुधारत असेल तर थेंब कमी करायची आठवण आम्हाला करत जा. टोब्रामायसिन जास्त दिवस चाललं तर जखमेवर वरची कातडी धरत नाही, आणि हे आमच्याकडून राहून जातं.

आपले,
नेत्रविभागातले डॉक्टर, नाशिक