मांजराच्या रिपोर्टवर माणसाची रेंज

संपादक महाशय,

आपल्या पुरवणीत जनावरांविषयी येतं ते गाईगुरांचं, फार तर कुत्र्याच्या रेबीजच्या लशीचं. वेंगुर्ल्यात मांजर नाही असं घर शोधावं लागेल, पण त्याच्या दुखण्याविषयी अवाक्षर नाही.

आमची मनी १३ वर्षांची. पावसाळ्यात तिची भूक एकाएकी वाढली. मी बांगडे साफ करायला बसले की पूर्वी शेपटी गुंडाळून वाट बघणारी ही बया विळीखाली हात घालून डोकी पळवू लागली. अंगाला मात्र काही लागेना; कुरवाळताना पाठीचे मणके हाताला लागत. मध्यरात्री माजघरात ओरडत फिरायची ते वेगळंच. शेजारचं निदान तयार होतं: जंत, नाहीतर “म्हातारपण ता, आता काय करतलंस?”

पशुवैद्यकांनी तिच्या गळ्यावरून बोटं फिरवली, ठोके मोजले आणि टी-फोर, म्हणजे रक्तातलं थायरॉईडचं हार्मोन मोजणारी चाचणी, करायला सांगितली. रक्त गेलं माणसांच्याच लॅबमध्ये, इथे दुसरी सोय कुठली? आकडा आला ८.१, समोर छापलेली रेंज ५ ते १२. म्हणजे नॉर्मल! मी नोकरीभर लॅब टेक्निशियन होते, म्हणून हे ठासून लिहिते. ती रेंज माणसाची. निरोगी मांजराचा टी-फोर साधारण १ ते ४ मध्ये असतो. माणसाला जो आकडा उत्तम, तो मनीला दुप्पट होता. आमच्या डॉक्टरांना ते दिसलं. पण नुसतं “नॉर्मल” ऐकून मांजर घरी नेणाऱ्यांचं काय?

थायरॉईड वाढण्याचा हा आजार बहुधा दहा वर्षांपुढच्या मांजरांना होतो. १९७९ मध्ये अमेरिकेत त्याची पहिली नीट नोंद झाली. गाठ बहुतेक वेळा साधी असते, कॅन्सर क्वचित. तरी दुर्लक्ष केलं तर हृदय थकतं, रक्तदाब चढतो, कधी दृष्टीही जाते. परदेशात किरणोत्सारी आयोडीन देऊन तो बरा करतात. आमची भिस्त थायरॉईडला आवर घालणाऱ्या कार्बिमॅझोलच्या गोळ्यांवर. माणसांना देतात त्याच. पण म्हणून घरातल्या कुणाच्या उरलेल्या गोळ्या मनाने देऊ नयेत. वाढलेल्या थायरॉईडमुळे मूत्रपिंडातून रक्त जोरात वाहतं आणि तिथला बिघाड झाकला जातो. गोळ्या लागू पडल्या की तो उघडा पडतो. त्यामुळे काही आठवड्यांनी टी-फोरबरोबर मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनीनही बघावं लागतं. मनीचं ते ठीक निघालं. आता तिचं वजन भरतंय, आणि आमची झोपही.

जिल्ह्यातल्या लॅबवाल्यांना माझं सांगणं एवढंच: नमुना मांजराचा असेल तर रिपोर्टवर “मांजर” लिहा आणि माणसाची रेंज छापू नका. मांजराची ठाऊक नसेल तर ती जागा कोरी सोडा, पशुवैद्यक बघून घेतील. आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांनी लाळ्या-खुरकुताच्या फलकाशेजारी म्हाताऱ्या मांजरांसाठीही चार ओळी लावाव्यात.

आपली,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन, वेंगुर्ले