व्याख्याने खुली, मग लॉगिन कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या ठाणे पुरवणीत इथल्या एका महाविद्यालयाने आपली व्याख्याने 'सर्वांसाठी खुली' केल्याची बातमी वाचली. लिंक उघडली की महाविद्यालयाचा ईमेल आयडी मागतात. कळव्यात राहून, नोकरी सांभाळून बाहेरून परीक्षा देणाऱ्या मुलीकडे तो कुठून येणार? आयआयटी आणि आयआयएससी यांच्या एनपीटीईएल या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या उपक्रमाचे उदाहरण २००३ पासून समोर आहे. व्याख्याने यूट्यूबवर, कुणीही पाहावीत; शुल्क फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेचे.

नमुन्याचे एकच व्याख्यान लॉगिनविना दिसते. त्याचा आवाज ऐकवत नाही. फोन शेवटच्या बाकावर ठेवून चित्रण केले आहे, त्यामुळे प्राध्यापकांच्या आधी पंखा ऐकू येतो. फोन मागे असायला हरकत नाही. माइक मात्र हनुवटीखाली वीतभर अंतरावर, शर्टाला हवा. साधा कॉलर माइक दुसऱ्या फोनला जोडून तो फोन खिशात ठेवावा. दोन्ही फोनचे रेकॉर्डिंग सुरू झाले की एक टाळी वाजवावी, म्हणजे त्या टाळीवर आवाज आणि चित्र नंतर जुळवता येते. मुलांचे प्रश्न त्या माइकवर नीट येत नाहीत. प्राध्यापकांनी प्रश्न स्वतः म्हणून मगच उत्तर द्यावे. फोनचे एक्सपोजर (चित्रातल्या उजेडाचे प्रमाण) लॉक करावे, नाहीतर कुणी आडवे आले की फळा उजळतो आणि अक्षरे जातात.

सबटायटल्स 'नंतर बघू' म्हणून तर अजिबात सोडू नयेत. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१७ मध्ये व्याख्यानांच्या २० हजारांहून अधिक ध्वनी-चित्रफिती सार्वजनिक वापरातून काढून घेतल्या. त्या कर्णबधिरांना वापरता येत नाहीत, असे अमेरिकेच्या न्याय खात्याने आदल्या वर्षी कळवले होते आणि इतक्या फिती दुरुस्त करण्याचा खर्च विद्यापीठाला परवडणारा नव्हता. एवढे ज्ञान त्यापायी लोकांच्या हातून गेले, याचे फार वाईट वाटते. आपल्याकडे आत्ता कुठे सुरुवात होते आहे, तर प्रत्येक फितीसोबतच हे काम उरकावे. यंत्राने काढलेली सबटायटल्स पारिभाषिक शब्दांवर हमखास चुकतात. त्या विषयाच्या विद्यार्थ्याने एकदा तरी वाचून दुरुस्त करावीत.

जाता जाता आपल्याविषयीही. बातमीतला क्यूआर कोड बरोबर घडीवर आणि काळ्या चौकटीला चिकटवून छापला आहे. कोडभोवती त्यातल्या किमान चार बारीक चौकोनांइतकी कोरी जागा लागते, नाहीतर फोनला तो वाचता येईलच असे नाही. खाली पत्ता अक्षरांत दिला असता तरी भागले असते. तो उद्याच्या अंकात छापावा, ही विनंती.

— एक वाचक, नौपाडा, ठाणे