विदर्भाला राणीमाशी निवड केंद्र हवे : कृषिमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

महोदय, सप्रेम नमस्कार.

केंद्राचे मधमाशीपालन व मध मिशन आले, राज्याच्या मध केंद्र योजनेत ५० टक्के अनुदान मिळते, २०२२ मध्ये महाबळेश्वर तालुक्यातले मांघर ‘मधाचे गाव’ झाले. वऱ्हाडातल्या आम्हा मधपाळांना याचे कौतुकच आहे. पण या योजनांचा सगळा हिशेब पेट्यांवर चालतो. पेटीतली राणी कुठल्या वसाहतीतून आली, तिच्या आईच्या पेटीत व्हरोआ किती होता, हे कोणी विचारत नाही आणि विचारले तरी सांगणारा कोणी नाही. माझे मागणे याच जागी आहे : व्हरोआला तोंड देणाऱ्या वसाहती मोजून निवडणारे आणि त्यांच्या राण्या वाढवून देणारे केंद्र विदर्भात हवे.

व्हरोआ हा तांबूस, चपटा, टाचणीच्या डोक्याएवढा, मधमाश्यांवर जगणारा कोळी. अळीच्या घरावर मेणाचे झाकण बसण्याआधी तो आत शिरतो आणि बंद घरात कोषावर आपली पिल्ले वाढवतो. सोबत पंख वेडेवाकडे करणारा विषाणू पसरवतो. तशा माश्या पेटीच्या तोंडाशी सरपटताना दिसू लागल्या, की बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. मुळात हा कोळी आपल्या सातेरी, म्हणजे इथल्या मूळच्या माशीचा जुना सोबती. सातेरीत तो प्रामुख्याने नरांच्या घरांतच वाढू शकतो, शिवाय कामकरी माश्या त्याला अंगावरून ओढून काढतात, त्यामुळे दोघांचे निभते. पेट्यांत पाळली जाणारी मेलिफेरा ही परदेशी माशी भारतात १९६२ मध्ये हिमाचलातल्या नगरोटा बगवानला रुजवली गेली. तिला या कोळ्याची सवय नव्हती. तिच्या कामकरी माश्यांच्या घरांतही तो वाढतो, आणि वसाहत खिळखिळी होते.

औषध आहे ना, असे आपले अधिकारी म्हणतील. आहे. पण ती औषधे थंड मुलखाच्या हिशेबाने बेतलेली आहेत. फॉर्मिक अ‍ॅसिडची वाफ झाकणाखालच्या कोळ्यापर्यंत पोचते हे खरे, पण पारा ३० अंशांच्या वर गेला की राणी आणि अळ्यांनाच धोका होतो. आमच्याकडे ३० अंश म्हणजे हिवाळ्यातली दुपार! ऑक्झॅलिक अ‍ॅसिड माश्यांच्या अंगावरचा कोळी मारते, झाकणाखालचा नाही. म्हणून युरोपात ते हिवाळ्यात, पेटीत अळ्या नसतात तेव्हा देतात. आपल्याकडे पेटी वर्षातला बहुतेक काळ अळ्यांनी भरलेली असते. राहिल्या फ्लुव्हॅलिनेटच्या पट्ट्या. त्यांना न जुमानणारे कोळी कित्येक देशांत तयार झालेत आणि औषधाचा अंश मेणात साचत जातो. शिवाय आग्या मोहोळांवरून येणारा ट्रोपिलेलॅप्स हा दुसरा कोळी या देशात आहेच. औषधाने आम्ही वेळ मारून नेतो, एवढेच. उलट कमजोर राणीचा वंशही औषधाच्या आधाराने पुढे चालत राहतो.

यावर जगात काम झाले आहे. अमेरिकेत लुइझियाना राज्यातल्या बॅटन रूज इथल्या सरकारी प्रयोगशाळेने अशा माश्या निवडून वाढवल्या, की कोळी शिरलेले घर त्या ओळखतात, झाकण उघडतात आणि आतला कोष बाहेर फेकतात. त्यामुळे कोळ्याचे बाळंतपण मोडते. स्वीडनच्या गोटलँड बेटावर १९९९ मध्ये १५० वसाहती औषधाविना सोडून दिल्या. पहिल्या काही वर्षांत त्यांतल्या बहुतेक मेल्या, पण उरलेल्यांचा वंश कोळ्यासोबत तगला. गोटलँडचा मार्ग मी सुचवत नाही. कर्ज काढून पेट्या घेतलेल्या माणसाला ‘मरतील त्या मरू दे’ कसे सांगणार? आणि आमच्याकडे पेटी मेली म्हणून ती कोळ्याने मेली असेही नसते. पराटीवरच्या (कपाशीवरच्या) फवारणीने मरते, मे महिन्याच्या उन्हाने मरते, फुलोरा नसताना साखरपाणी न दिल्यानेही मरते. म्हणून कोण जगले एवढेच पाहून चालणार नाही. कोळी मोजावे लागतील.

मोजणे अवघड नाही. अर्धा कप, म्हणजे साधारण ३०० माश्या जाळीच्या झाकणाच्या बरणीत घ्यायच्या, पिठीसाखर टाकून हलवायच्या, पडलेले कोळी मोजायचे आणि माश्या परत पेटीत सोडायच्या. स्वच्छतेचा गुण, म्हणजे बिघडलेले कोष ओळखून बाहेर फेकण्याची सवय, तपासायला पोळ्याच्या फणीचा एक गोल तुकडा द्रव नायट्रोजनने गोठवतात आणि मेलेले कोष माश्यांनी २४ तासांत किती साफ केले ते पाहतात. हा नायट्रोजन कुठून आणायचा, असा प्रश्न पडला असेल तर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करावी. गाईंच्या कृत्रिम रेतनासाठी त्याचे कॅन तिथे येतच असतात. ज्या सरकारकडे वळूच्या वंशावळीची नोंद असते, त्याला राणीमाशीची वही ठेवणे जड जाऊ नये.

खरी अडचण मीलनाची आहे. राणी उडता उडता दहा-वीस नरांशी संग करते आणि ते नर काही किलोमीटरांवरूनही येतात. मी माझ्या चांगल्या पेटीतून राणी काढली, तरी तिच्या लेकींच्या निम्म्या गुणांचा मालक शेजारच्या बागेत उतरलेल्या पेट्यांच्या ट्रकमधला कुठला तरी नर असतो. म्हणून हे काम एकट्या मधपाळाच्या आवाक्यातले नाही. मीलनासाठी अशी जागा हवी, जिच्या आसपास दहा-एक किलोमीटरांत दुसरी मेलिफेरा पेटी नाही. गडचिरोलीत किंवा मेळघाटच्या पायथ्याशी ती शोधता येईल. व्याघ्र प्रकल्पाच्या आत मात्र नको. तिथला फुलोरा आग्या, सातेरी आणि फुलोरी माश्यांसाठी राहू द्यावा. जागा नाहीच मिळाली तर राणीचे कृत्रिम रेतन करता येते, त्यासाठी प्रशिक्षित माणसे लागतील. आणि चार-दोन राण्यांवर सगळी पैदास उभी करू नये. जवळच्या नात्यात संकर झाला की काही अंड्यांतून निरुपयोगी नर निपजतात, माश्या त्या अळ्या खाऊन टाकतात आणि फणी भोकाभोकांची दिसते. वंश भरपूर हवेत, तेही इथल्या उन्हात टिकलेल्या पेट्यांतून घेतलेले. परदेशी राण्या मागवण्याच्या फंदात तर पडूच नये, सोबत नवे रोग येतील.

आता हे पत्र आपल्यालाच का? मध संचालनालय खादी मंडळाकडे, म्हणजे उद्योग खात्यात. अकोल्याचे कृषी विद्यापीठ आपल्याकडे. नायट्रोजन पशुसंवर्धनाकडे, जंगल वन खात्याकडे. या चौघांना एका टेबलावर मधपाळ बसवू शकत नाही, मंत्री बसवू शकतो. विद्यापीठाने केंद्र चालवावे, किमान पाच-सहा वर्षांचा खर्च आधीच मंजूर असावा (एका वर्षात राणी निवडून होत नाही, आणि मार्चअखेर निधी परत गेला की वहीही बंद पडते), आणि अनुदानाच्या पेट्यांत पुढे याच केंद्राच्या राण्या असाव्यात. हे फक्त मधासाठी नाही. बुलढाण्याकडचे कांदा बियाणे घेणारे शेतकरी माश्यांवरच अवलंबून असतात, कारण कांद्याच्या एका फुलातले पराग आणि स्त्रीकेसर एकाच वेळी तयार होत नाहीत.

जानेवारी-फेब्रुवारीत आंबिया बहार फुलतो तेव्हा वरूड-मोर्शीच्या संत्राबागांत पेट्या एकत्र येतात. पहिली मोजणी तेव्हाच करावी, त्यासाठी आदेश दिवाळीच्या आत निघायला हवा. आमच्या भागातले मधपाळ पेट्या उघडून द्यायला तयार आहेत. मोजणीच्या दिवशी गावात फवारणी नको, एवढे कृषी सहायकांना कळवावे.

आपला,
वरूड तालुक्यातील एक मधपाळ