मेकॅनिकल शटरचा दुसरा पडदा मागे पडतो. शटर युनिट वॉरंटीत बदलून मिळण्याबाबत

प्रति,
ग्राहक सेवा विभाग प्रमुख,
भारतातील मुख्य कार्यालय

महोदय,

आपल्या कंपनीची फुल-फ्रेम मिररलेस बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) मी जळगावातल्या अधिकृत विक्रेत्याकडून घेतली असून तिची दोन वर्षांची वॉरंटी अजून चालू आहे. शटरचा पहिला पडदा सेन्सर उघडतो आणि दुसरा झाकतो, त्यामधला वेळ म्हणजे शटर स्पीड. तो १/१००० सेकंदाच्या वर नेला की फोटोची वरची कड उजळ येते आणि खालची बरोबर राहते. आपल्या सर्व्हिस सेंटरने ही बॉडी दोनदा तपासली. पहिल्या जॉबशीटवर ‘दोष आढळला नाही’ असे लिहिले आहे. दुसऱ्या जॉबशीटवर ‘धुळीमुळे शटर खराब, वॉरंटी लागू नाही’ असा शेरा आहे आणि खाली शटर युनिट बदलण्याचे अंदाजपत्रक आहे. दोन्ही कागदांवरच्या शटर काउंटमध्ये (शटर किती वेळा चालले त्या आकड्यात) शंभराचाही फरक नाही. तेवढ्यात धूळ कुठून आली, याचे उत्तर सेंटरकडे नाही. दोन्हींपैकी एक शेरा चुकीचा आहे, आणि माझ्या मते दोन्ही चुकीचे आहेत. तसे का म्हणतो, ते चाचणीसह खाली मांडतो. ही चाचणी आपला कोणताही तंत्रज्ञ अर्ध्या तासात करू शकेल.

उत्तरेकडच्या खिडकीला ट्रेसिंग पेपर ताणून लावला आणि कॅमेरा ट्रायपॉडवर कागदाच्या अगदी जवळ ठेवला. उजेड दिवसाचाच वापरला, कारण आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात आणि निकाल बिघडवतात. लेन्स ५० मिमी, मॅन्युअल फोकस अनंतावर, अ‍ॅपर्चर (लेन्सचे छिद्र) शेवटपर्यंत एफ ५.६, रॉ (प्रक्रिया न केलेली) फाईल, कडांच्या काळपटपणाची दुरुस्ती बंद. अ‍ॅपर्चर एकच ठेवल्यामुळे लेन्सचा काळपटपणा प्रत्येक फ्रेममध्ये सारखा राहतो आणि तुलनेतून वजा होतो. एक्सपोजर बरोबरीत ठेवण्यासाठी फक्त आयएसओ (संवेदनशीलता) बदलला: १/६० ला १००, तिथून पायरीपायरीने १/४००० ला ६४००. हीच मालिका पूर्ण मेकॅनिकल (दोन्ही पडदे), इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन (फक्त दुसरा पडदा) आणि पूर्ण इलेक्ट्रॉनिक (एकही पडदा नाही) अशा तिन्ही शटर मोडमध्ये घेतली.

पूर्ण मेकॅनिकलमध्ये खालच्या कडेपेक्षा वरची कड १/४००० ला सुमारे ०.६ स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) उजळ, १/२००० ला ०.३३ स्टॉप, १/१००० ला ०.१८ स्टॉप. १/२५० ला फरक डोळ्यांना दिसतच नाही. इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टनमध्ये हेच आकडे आले. पूर्ण इलेक्ट्रॉनिकमध्ये, त्याच आयएसओला आणि त्याच स्पीडला, फ्रेम वरपासून खालपर्यंत एकसारखी.

या आकड्यांकडे नीट पाहावे, ही विनंती. १/४००० म्हणजे ०.२५ मिलिसेकंद. त्यात ०.१३ मिलिसेकंद जास्तीचे पडले तर प्रकाश दीडपट होतो, म्हणजेच ०.६ स्टॉप. १/२००० च्या ०.५ मिलिसेकंदात तेच ०.१३ मिळवले की ०.३३ स्टॉप येतो आणि १/१००० मध्ये मिळवले की ०.१८. १/२५० चे एक्सपोजर ४ मिलिसेकंदांचे असते, तिथे ही चूक झाकून जाते. सगळी मापे एकाच उशिरावर बसतात. सेन्सर, लेन्स किंवा उजेडाचा दोष असता तर तो स्पीडप्रमाणे असा हिशेबात वाढला नसता. मोठ्या स्पीडला पूर्ण सेन्सर एका वेळी उघडा नसतोच, दोन पडद्यांमधली फट त्यावरून धावते. २४ मिमी उंचीचा सेन्सर पडदा ४ मिलिसेकंदांत ओलांडत असेल, तर १/४००० ला ती फट जेमतेम दीड मिलिमीटरची असते. एवढ्या अरुंद फटीत दुसरा पडदा किंचित रेंगाळला तरी लगेच दिसतो.

पडदा दुसराच, हे मोडच्या तुलनेतून ठरते. इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टनमध्ये पहिला पडदा हलतच नाही, त्याचे काम सेन्सर करतो. तरीही चूक तशीच राहिली, म्हणजे पहिला पडदा निर्दोष ठरला. तिसऱ्या मोडमध्ये दोन्ही पडदे स्वस्थ असतात आणि चूकही नाहीशी होते. उरला दुसरा पडदा. त्यातही तो सुटतो वेळेवर, कारण चुंबकाने त्याला उशिरा सोडले असते तर सगळी फ्रेम सारखीच उजळली असती. या बॉडीत पडदे वरून खाली धावतात आणि सेन्सरवर प्रतिमा उलटी पडते, म्हणून फोटोची वरची कड म्हणजे धावेचा शेवट. तिथेच चूक सर्वांत जास्त आहे. अर्थात पडदा सुटल्यावर वाटेत मंदावतो. कारण स्प्रिंगचा ताण कमी असणे किंवा पात्यांच्या सांध्यात घर्षण असणे, यांपैकी एक असावे.

घर्षण धुळीमुळे झाले असे सेंटरला म्हणायचे असेल, तर त्यांनी पुरावा द्यावा. धूळ पात्यांमध्ये गेली तर सहसा ओरखडे उमटतात आणि चूक फ्रेमगणिक बदलते. इथे लागोपाठच्या फ्रेममध्ये चूक जशीच्या तशी येते. सेंटरने युनिट उघडल्याचा एकही फोटो दिलेला नाही. शिवाय बॉडी धूळ आणि ओलाव्यापासून सुरक्षित असल्याचे आपल्याच माहितीपत्रकात ठळक अक्षरांत छापले आहे. खान्देशात सारंगखेड्याचा घोडेबाजार, शेतातली हळद, कापसाच्या जिनिंगचे आवार, सगळीकडे धूळ आहेच. त्या छापील वाक्यावर भरवसा ठेवूनच इथले लोक जास्तीचे पैसे मोजून ही बॉडी घेतात.

पहिल्या वेळी ‘दोष आढळला नाही’ हे कसे झाले, तेही जॉबशीटवरच दिसते. तपासणीचे फोटो दुकानातल्या दिव्याखाली १/१२५ ला काढले आहेत. या स्पीडला ०.१३ मिलिसेकंदाची चूक दोन टक्क्यांहूनही कमी भरते. ज्या स्पीडला दोष दिसूच शकत नाही, तिथे तपासून बॉडी निर्दोष ठरवली गेली, याचे मला फार वाईट वाटते. मोठे स्पीड क्वचित लागतात, असेही सांगण्यात आले. ते खरे नाही. एप्रिल-मेच्या लग्नसराईत इथले ऊन लख्ख असते. आयएसओ १०० ला एफ १६ आणि १/१०० हा उन्हाचा जुना हिशेब धरला, तर एफ २.८ ला थेट १/३२०० लागतो. नवरदेवाच्या वरातीत पाठीमागची गर्दी धूसर करायची तर १/३२०० ते १/४००० हा रोजचा स्पीड आहे. हतनूर धरणावर हिवाळ्यात उडत्या बदकांसाठीही १/२००० च्या खाली उतरता येत नाही. एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळसर काच) लावून स्पीड खाली आणता येतो, पण सुस्थितीतल्या शटरला त्याची गरज का पडावी?

दुरुस्ती होईपर्यंत ‘इलेक्ट्रॉनिक शटर वापरा’ असा सल्ला लेखी मिळाला आहे. या बॉडीसाठी तो निरुपयोगी आहे. साध्या ड्रायव्हरच्या (वीज पुरवणाऱ्या सर्किटच्या) एलईडीखाली इलेक्ट्रॉनिक १/२००० ला फ्रेममध्ये पाच उजळ आणि पाच काळपट पट्टे मोजता येतात. उजळ आणि काळपट पट्ट्यांची एक जोडी १० मिलिसेकंदांची धरली तर सेन्सर पूर्ण वाचायला ५० मिलिसेकंद, म्हणजे १/२० सेकंद लागतो. त्या वेळात सेकंदाला पाच मीटर वेगाने उचललेला घोड्याचा खूर पाव मीटर सरकलेला असतो, म्हणून पाय वाकडे येतात. लॉन्सवरच्या दिव्यांत चेहऱ्यावरून पट्टे जातात. या मोडमध्ये फ्लॅश तर चालतच नाही. निकॉनने २०२१ च्या झेड ९ मध्ये मेकॅनिकल शटर काढून टाकले, कारण तिचा स्टॅक्ड (थर रचलेला) सेन्सर अनेक पटींनी लवकर वाचला जातो. सोनीच्या २०२३ च्या ए ९ थ्री मध्ये ग्लोबल शटर आहे, तिथे सगळे पिक्सेल एकाच क्षणी टिपले जातात. हा सल्ला अशा बॉडींना लागू पडतो. आपल्या या बॉडीत मेकॅनिकल शटर दिले आहे ते गरजेचे आहे म्हणूनच, तेव्हा ते नीट चालले पाहिजे.

माझी मागणी अशी. शटर युनिट वॉरंटीत विनामूल्य बदलावे. बदलण्याआधी आणि नंतर शटर टेस्टरवर १/१०००, १/२००० आणि १/४००० ला फ्रेमच्या वर, मध्ये आणि खाली अशी मापे घ्यावीत आणि त्यांचा छापील कागद द्यावा. काढलेले युनिट किंवा निदान त्याच्या पात्यांचे स्पष्ट फोटो मला मिळावेत. नवे युनिट बसवल्यावर इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टनची वेळही त्याच्याशी जुळवून घ्यावी, नाहीतर पूर्ण मेकॅनिकल मोड बरोबर येऊन दुसऱ्या मोडमध्ये कड पुन्हा उजळायची. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांत आपले एकही सेंटर नसल्याने ने-आणीचा विमा उतरवलेला कुरिअर खर्च कंपनीने करावा.

लग्नाची कामे करता म्हणजे व्यावसायिक वापर, म्हणून ग्राहक कायदा लागू नाही, असे सेंटरने फोनवर सांगितले. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २(७) मधील स्पष्टीकरण वाचावे. स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू व्यावसायिक हेतूत धरली जात नाही.

दोन्ही जॉबशीट, बिल, वॉरंटी कार्ड आणि तिन्ही मोडच्या मूळ रॉ फाईल सोबत पाठवत आहे. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून जळगाव जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज करीन आणि कलम ३८ खाली बॉडी प्रयोगशाळेत तपासण्याची मागणी करीन.

आपला ग्राहक,
जळगाव